डाव्या मागच्या पायाबद्दल

प्रिय नजीरचाचा,

तुम्हाला सलाम.

तुम्ही गेल्याला सात महिने झाले. एवढ्या दिवसांत एक ओळ लिहिली नाही आणि आजच का, असं तुम्ही नक्की विचारलं असतं. “आज कायची आठवन आली, मॅडम?” मॅडम हा शब्द तुम्ही चिडवायलाच वापरायचे. एरवी मी बेटीच होते.

तर आज दुपारी आपल्या माशीचं प्रूफ आलं. लेख छापून येण्याआधीची शेवटची पानं. दोन दिवसांत चुका कळवा, नंतर एक अक्षरही बदलता येणार नाही, असं वर लिहिलं आहे. मी पानं तीनदा वाचली. छापणाऱ्यांनी काही चुकवलेलं नाही. चूक एकच आहे, बाराव्या पानावर, आणि ती माझी आहे.

आनंद व्हायला हवा होता ना? कोट्यवधी वर्षांपूर्वीची मधमाशी, जगात कुणी पाहिली नव्हती अशी जात, आणि तिचं वर्णन राजापेठेतल्या एका बाईनं लिहिलं! पण मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत खुर्चीवर बसून राहिले. सकाळी तीन तास परीक्षेची ड्यूटी झाली होती. समोर तपासायच्या उत्तरपत्रिकांचे दोन गठ्ठे. खिडकीखाली ट्यूशनच्या पोरांच्या गाड्यांचे हॉर्न. मला फक्त डोळे मिटावेसे वाटले, चाचा. हल्ली चांगल्या बातमीलाही मी उठून उभी राहत नाही.

तुम्ही कधी थकायचे का हो? मी तुम्हाला कधी विचारलंच नाही.

आठवतं, मी पहिल्यांदा तो खडा घेऊन आले होते? कुंकवाची जुनी डबी धुऊन, आत कापूस घालून. गुजरातेतल्या कोळशाच्या खाणीत सापडलेली राळ होती ती. झाडातून गळलेली, मातीखाली दबून दगड झालेली. ओळखीच्या एका संशोधकानं पिशवीभर खडे पाठवले होते. त्यातला एक दिव्यासमोर धरला, तर आत गव्हाच्या दाण्यापेक्षा लहान सावली दिसली. पाहायचं तर खडा एका बाजूनं घासून सपाट, काचेसारखा करायला हवा. दोन साधे खडे मी घरी पॉलिशपेपरनं घासून पाहिले आणि दोन्ही फोडले. तेव्हा तुम्ही आठवलात. अकोल्याच्या जुन्या शहरातलं ते हातभर रुंदीचं दुकान. लहानपणी आईच्या अंगठीतलं पोवळं निसटलं, की मला तुमच्याकडेच पिटाळायची ती.

तुम्ही खडा कुडत्याच्या बाहीवर खसाखसा घासला आणि खाली पडलेल्या दोऱ्याच्या तुकड्यापाशी नेला. दोरा उडून चिकटला, आणि दगड झालेल्या राळेचं तुमच्या धंद्यातलं नाव मला कळलं.

“हा तं कहरुबा होय, बेटी! असली! माह्या उस्तादनं एका हाजीची तसबीह ओवली होती, तवा पाह्यला होता. त्याच्यानंतर आज पाहून राहिलो.”

“चाचा, याच्या आत माशी आहे. ती दिसायला हवी.”

“म्हंजे खिडकी काढाची आहे म्हना ना सरळ!”

आमच्या शास्त्रातही त्या सपाट बाजूला खिडकीच म्हणतात. तुम्हाला कुणी सांगितलं होतं?

मग दोन वर्षं, जमेल त्या रविवारी, मी सकाळची एसटी धरून मूर्तिजापूरमार्गे तुमच्याकडे येत राहिले. पर्समध्ये डबी आणि पर्स पोटाशी. शेजारची बाई विचारायची, “सोनं आहे काय वो?” मी म्हणायची, “माशी आहे.” मग ती जरा सरकून बसायची.

तुमची काम करायची रीत मी कुठल्या प्रयोगशाळेत पाहिली नाही. मोटर जोडलेली चकती शेजारी पडून असायची, पण या खड्याला तुम्ही हातानं फिरवायच्या जुन्या चाकाची सानच लावलीत. दोन फेऱ्या झाल्या की खडा उचलून खालच्या ओठाला लावायचा. गरम लागला तर थांबायचं. “हा दगड नाही होय, हा डिंक आहे. गरम झाला का रुसते.” शेवटचा हात ओल्या मलमलीवर दातांची पावडर घेऊन. मी जर्मनीहून आलेल्या पॉलिशच्या पेस्टचं नाव घेतलं, तर तुम्ही हसलात. “जर्मनीवाले दात नाही घासत काय?”

आणि एका रविवारी ती दिसली. पंख, पंखांवरच्या शिरा, वाकलेली एक मिशी. तुम्ही भिंग डोळ्याला लावून किती वेळ पाहत होतात! मग विचारलंत, “हे तिच्या मांगच्या पायावर काय लटकून राह्यलं?”

तोच तर गोळा होता, चाचा. राळेचा गोळा. मी सांगितलं, की अशा माश्या घरट्याच्या भेगा बुजवायला झाडाची राळ गोळा करतात आणि मागच्या पायांवर लादून नेतात. तीच न्यायला आली असणार आणि तिथंच अडकली.

“म्हंजे कामावर होती म्हना.”

“हो.”

“एक पाय भरला होता आन् दुसरा भराचा असन. सुट्टी नाही भेटली बिचारीले!”

आपण दोघं हसलो. तुमची लेक शबाना आत मशीनवर ब्लाउज शिवत होती, तीही हसली. माशीचं नाव काय ठेवू विचारलं, तर तुम्ही म्हणालात, “मजूर ठेवा.” मी लॅटिनमधला कष्टकरी असा शब्द शोधून तोच ठेवला आहे. आज प्रूफात तो तिरप्या अक्षरांत छापून आला आहे.

आता त्या दिवसाकडे यायलाच हवं. इतकं सगळं मी बहुतेक तिथं पोचायला उशीर व्हावा म्हणूनच लिहिलं.

मे महिना होता. दुपारचे तीन. तुमच्या दुकानाच्या पत्र्यावर हात ठेवला तर फोड यावा असं ऊन. माझ्यासोबत हे काम करणारे पुण्याचे सर रोज निरोप पाठवत होते, की राळेच्या गोळ्याचा फोटो अजून धूसर येतो आहे. ही माशी कुठल्या कुळातली हे मागच्या पायावरून ठरतं. उजवा पाय एका भेगेमागे लपलेला. सगळी भिस्त डाव्यावर.

तुम्ही खडा ओठाला लावलात आणि खाली ठेवलात.

“बस. आज नाही.”

“चाचा, दोनच फेऱ्या. किती स्वच्छ दिसतंय बघा.”

“दिसते म्हनूनच थांबाचं. अर्धा केस उरला असन मधात. आन् गर्मी पाहा ना बाप्पा, खडा थंडाच होऊन नाही राह्यला. सकायच्या टायमाले या.”

“उद्या मला ड्यूटी आहे. परवा पण. साडेचारची गाडी गेली तर...”

“मंग पुढच्या महिन्यात या. थे काही उडून जाते काय?”

आणि मी काय म्हणाले, आठवतं? मला शब्द न् शब्द आठवतो. म्हणाले, “चाचा, तुम्हाला यातलं कळत नाही. मी सांगते ना, घ्या दोन फेऱ्या.”

तुम्हाला यातलं कळत नाही! साठ वर्षं खडे घासणाऱ्या माणसाला!

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागानं नाही. सानेवर पाणी टाकलंत. पहिली फेरी. मी भिंगातून पाहिलं आणि बोट वर केलं, अजून एक. दुसऱ्या फेरीला मला भिंगातून दिसण्याआधी तुम्हाला हाताला जाणवलं. तुम्ही चाक जागच्या जागी धरलंत. ओल्या सानेवर दुधासारखी एक रेघ होती. डावा पाय गुडघ्यापासून खाली नव्हता. गोळाही नव्हता.

कोट्यवधी वर्षं टिकलेली गोष्ट, आणि मला साडेचारची गाडी पकडायची होती.

मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, “माह्या हातानं गेलं. तुमी मनाले नका लावून घेऊ, बेटी.”

आणि मी म्हणाले, “असू द्या चाचा. होतं असं.”

माफ केल्यासारखं! मी तुम्हाला!

साडेचारची गाडी मला मिळाली. खिडकीची जागाही मिळाली. बडनेरा येईपर्यंत मी स्वतःला पटवलं होतं, की हात तर त्यांचाच होता. म्हटलं तर खरं होतं ते. सरांनी विचारलं, तेव्हा मी हेच कळवलं. लेखात गोळ्याचे आधीचे धूसर फोटोच लावले, आणि पायाबद्दल तेच वाक्य झालं: “डाव्या मागच्या पायाचा खालचा भाग नमुना तयार करताना कारागिराच्या हातून नष्ट झाला.” वाक्यात खोटा शब्द एकही नाही. अशी वाक्यं लिहायला आम्हाला फार वर्षं शिकवतात.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी कदाचित विसरले असते. पण लेख स्वीकारल्याचं पत्र आलं आणि मी पेढे घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही दुकानाच्या पायरीवर बसला होतात, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

“माह्यं काय लिवलं त्याच्यात? वाचून दाखवा ना.”

मी हसत हसत पानं काढली. इंग्रजीतून मराठी करत वाचत गेले. खडा कुठून आला, पंख कसे, शिरा किती. तुम्ही मध्येमध्ये “वा वा” म्हणत होतात. मी आदल्या दिवशीपासून दमलेली, नजर पुढं आणि जीभ मागं अशी वाचत होते, आणि ते वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडून गेलं. पडल्यावर मला ऐकू आलं.

आत शबानाचं मशीन थांबलं.

तुम्ही थोडा वेळ पेढ्याचा कागद घडी करत राहिलात. मग म्हणालात, “बरोबर आहे. लिवलं आहे म्हंजे तसंच झालं असन.”

त्या क्षणी एवढंच म्हणायचं होतं, की नाही चाचा, तसं झालं नाही. पाच शब्द. मी तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही रस्त्याकडे. शबाना चहा घेऊन आली. मी चहा प्यायले, चाचा. साखर बरोबर आहे का विचारलंत, तर हो म्हणाले.

तुम्ही भांडला का नाहीत? एरवी पावडरच्या डब्यावरून माझी टर उडवणारे तुम्ही! “झूट आहे हे, मॅडम, तुमीच नाही काय म्हनत होत्या दोन फेऱ्या घ्या?” एवढं म्हणाला असतात, तर मी तिथंच रडले असते आणि बसस्टँडवर जाऊन वाक्य बदललं असतं. तुम्ही मला इतक्या सहज का सोडलंत? याचा मला राग आहे, खरंच आहे. आणि तुमच्यावर राग धरायचा मला काय अधिकार, हे कळल्यावर मी अजूनच दमते.

त्यानंतर मी आले नाही. कॉलेजात तपासणीची समिती येणार होती, मग प्रवेश, मग परीक्षा. कारणं सगळी खरी होती. माझी कारणं नेहमी खरीच असतात.

मग शबानाचा फोन. “आपा, अब्बा नहीं रहे.” झोपेत गेलात म्हणाली. मी तिसऱ्या दिवशी आले. घरात बायका बसलेल्या होत्या, मी तिच्याजवळ बसले. सगळ्या उठून गेल्यावर ती मला दुकानात घेऊन आली. सानेवर चादर टाकलेली होती.

“अब्बा बीमार होने के पहले से ही बंद थी,” ती म्हणाली. “वो एक बाई आल्या होत्या, फिरोजाचा खडा घेऊन. जुनं गिऱ्हाईक. अब्बांनी हातच नाही लावला. त्यांना बोलले, माह्या हाताचा भरोसा नाही राह्यला, कागदावर लिवून आलं आहे.”

मला वाटलं, गंमत केली असेल. तुमची सवयच होती. पण ती म्हणाली, सगळ्यांना हेच सांगायचे. शेजारच्या अत्तरवाल्यांना, समोरच्या बांगड्यावाल्यांना. हसत सांगायचे. आणि काम परत करायचे.

“आपा, बुरा मत मानना. खरंच अब्बांच्या हातून तुटला होता काय थो पाय?”

मी म्हणाले, “नंतर सांगते, शबाना.”

मयताच्या घरात तिला कसं सांगायचं, असं मी स्वतःला समजावलं. हेही खरंच होतं!

आज प्रूफ वाचून झाल्यावर मी पुण्याच्या सरांना फोन केला. वाक्य बदलायचं आहे म्हटलं. माणूस वाईट नाही, चाचा. शांतपणे म्हणाले, “अहो मंजूताई, शेवटच्या क्षणी असं लिहिलंत तर संपादक विचारतील, नमुना हाताळणारे कोण आहेत हे? लेख परत तपासायला जाईल. तुमच्या बढतीची फाईल आहे ना पुढच्या महिन्यात? आणि कारागीर म्हटलंय, नाव कुठं घेतलंय?”

“नाव नाही घेतलं, हेही चुकलंच.”

“मग असं करू. पुढच्या जातीला त्यांचंच नाव देऊ. अजून दोन माश्या आहेत आपल्याकडे. याहून मोठा सन्मान काय असतो?”

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. किती छान दिसलं असतं! तुमचं नाव कायमचं, जगातल्या सगळ्या याद्यांत. शबानाला फोटो पाठवला असता, पेपरात बातमी आली असती, आणि मला ते पाच शब्द कधीच म्हणावे लागले नसते. पण तुमच्या नावाची माशी वर आणि तुमच्या हातावरचा ठपका खाली, असं मला दोन्ही वाचता आलं नसतं. तुम्ही तरी काय म्हणाला असतात? “माशीले नाव नका देऊ माह्यं. मोहल्ल्यात हसतीन.”

“सर, वाक्य बदलते,” मी म्हटलं.

“तुमची मर्जी,” ते म्हणाले. फोन ठेवताना नेहमीसारखं जपून राहा म्हणाले नाहीत.

मग कळलं, की तुमचं पूर्ण नावच मला माहीत नाही. चाळीस वर्षं चाचा म्हणते आहे! शबानाला फोन लावला. “कायले पाहिजे, आपा?” “छापायचं आहे.” तिनं तुमचं नाव, तुमच्या वडिलांचं नाव सावकाश सांगितलं, मी प्रत्येक अक्षर परत विचारून लिहून घेतलं. ती खूश झाली. तेव्हाही मी तिला बाकीचं सांगितलं नाही. फोनवर नको, असं वाटलं. यावेळी ते कारण खरं की खोटं, मला ठरवता येत नाही.

आता बाराव्या पानावर असं आहे. आधी तुमचं पूर्ण नाव, मग, “यांनी नमुना घासून तयार केला. उष्णतेमुळे काम थांबवावं असा त्यांनी दिलेला सल्ला पहिल्या लेखिकेनं मानला नाही. तिच्या आग्रहावरून पुढं घासल्यानं डाव्या मागच्या पायाचा खालचा भाग आणि त्यावरचा राळेचा गोळा नष्ट झाला.” पहिली लेखिका म्हणजे मी. आमच्याकडे असंच लिहितात, आपण जणू कुणी तिसरेच. त्याला माझा इलाज नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी पाठवलं. लेख परत जाईल का, फाईलचं काय होईल, माहीत नाही. हलकं वगैरे काही वाटलं नाही. पाठ दुखते आहे, आणि गठ्ठे तसेच आहेत.

कारण कागद साता समुद्रापार गेला, चाचा, पण तुमचा मोहल्ला इंग्रजी वाचत नाही. ज्यांना तुम्ही हसत हसत आपल्या हाताचं सांगितलंत, त्यांच्यापर्यंत बारावं पान कधी पोचणार?

म्हणून हे वचन देते. या रविवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं येते. परतीची वेळ ठरवून येणार नाही. अत्तरवाल्यांकडे जाईन, बांगड्यावाल्यांकडे जाईन, त्या फिरोजावाल्या बाईंचं घर शबानाला विचारून शोधेन. पण सगळ्यांत आधी शबाना. तिला मी मराठीतच सांगेन, हिंदीत माझं सगळं उगाच गोड होऊन जातं. चहा मागवायच्या आधी सांगेन, उभ्यानंच: अब्बांच्या हातून नाही तुटला, शबाना. ते थांबा म्हणत होते. मी थांबले नाही.

तुमची,
मंजू